काचेआडची तपेली

"तुमचें कोणतें?"

चपला काढून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की अक्का पहिल्यांदा हे विचारायच्या. संग्रहालय म्हटलं की आपल्याला काय काय अपेक्षित असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच: तिकीट, सही करायची वही, डुलक्या काढणारा रखवालदार. इथं तसलं काही नव्हतं. उजवा हात मागच्या फळ्यांकडे करायचा, मान जराशी तिरकी करायची आणि विचारायचं, "तुमचें कोणतें?" देवळाबाहेर चपला सांभाळणारा विचारतो त्याच सुरात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खरोखरच वळून माझ्या चपलांकडे पाहिलं होतं.

"चपला नव्हे गे. तपेलें. तुमच्या घरचें तपेलें कोणतें?"

मी म्हटलं, माझं इथं काही नाही, मी सोलापूरची. अक्कांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सोलापूर? मग उशीर केलांत," त्या म्हणाल्या आणि कॉफी आणायला आत गेल्या.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहायच्या, ज्या कोणी उघडत नाही, हे माझं काम. महाबलिपुरमचा रस्ता तेव्हा सगळा उखडलेला होता, ऑफिसच्या बसमध्ये हाडं खिळखिळी व्हायची. राहायची रायपेट्ट्याला, एका खोलीत. मराठी बोलायला मिळायचं ते फोनवर आईशी. त्यामुळे एका रविवारी तिरुवल्लिक्केणीच्या गल्लीत तमिळ पाट्यांच्या रांगेत देवनागरीतली एक पाटी दिसली, तेव्हा मी आत शिरले नसते तरच नवल.

घर जुनं, पण ठाकठीक होतं. रस्त्याला लागून ओटा, मध्ये आभाळाला उघडा चौक, चौकाभोवती फणसाच्या लाकडाचे खांब. तंजावूरहून नोकरीसाठी मद्रासला आलेल्या अगदी पहिल्या मराठी कुटुंबांपैकी एकानं ते बांधलं. पुढे मागून येणारी कुटुंबं आगगाडीतून उतरली की थेट इथंच यायची. एक ट्रंक, दोन पोरं आणि कुणाच्या तरी ओळखीचा एक शब्द एवढ्यावर. पहिला पगार होईपर्यंत इथं राहायचं, इथंच जेवायचं. त्याचे पैसे घ्यायची या घराची रीत नव्हती. मात्र स्वतःचं बिऱ्हाड थाटायला निघताना प्रत्येक कुटुंब एक पितळी तपेलं नाव घालून इथं ठेवून जायचं. पाठीमागून येणाऱ्याला स्वयंपाकाला भांडं लागेल म्हणून.

अशी तपेली साठत गेली. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर तपेली, लहान, मोठी, वीस माणसांचा भात होईल अशी, शंभराचा होईल अशी. मला सगळ्यांत गंमत वाटली ती नावांची. ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली. सगळ्यांत जुनी मोडीत, मग देवनागरीत, मग तमिळमध्ये, आणि अगदी शेवटची इंग्रजी आद्याक्षरांत. एकाच खोलीत गोल फिरलं की माणसं कशी कशी मद्रासची होत गेली ते दिसायचं. मी पहिल्या दिवशी चार फेऱ्या मारल्या. अक्का तेवढा वेळ ओट्यावर पाय पसरून माझ्याकडे बघत बसल्या होत्या.

"मोडी येते वाचायला?" मी विचारलं.

"मला तमिळ येतें. मोडी कशास? हें पोचा पडलेलें, तें कृष्णास्वामी रावांचें. हें डुलणारें, तें सैदापेटच्या तुळजाबाईचें. माणूस काय नांव वाचून ओळखतां?"

अक्का या घरच्या सून. चाळीसेक वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. बोलणं जुन्या बखरीतलं आणि वेग ट्रंक कॉलचा. कोणी फार लांबण लावली की कॉल तोडण्याआधी सांगायच्या तसं मनगटाकडे बघून म्हणायच्या, "तीन मिनिटें झालीं." मनगटावर घड्याळ नसायचं.

पहिल्याच भेटीत आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली होती. फळ्यांवर जागोजाग रिकामी वर्तुळं होती. आजूबाजूला धूळ आणि मध्ये तपेल्याच्या बुडाएवढी स्वच्छ गोल जागा. मी चोरीबिरी झाली की काय म्हणून विचारलं.

"लग्नास गेलें आहे. शुक्रवारीं येईल."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण शुक्रवारनंतरच्या रविवारी गेले तर तपेलं खरंच जागेवर. नवी कल्हई केलेलं, आणि आत पसाभर तांदूळ आणि गुळाचा खडा. तर भानगड अशी होती. तपेलं ठेवून गेलेल्या घरात लग्न, मुंज, बारसं निघालं की त्यांची माणसं इथं यायची. आपलं तपेलं न्यायची, लागली तर दुसऱ्यांचीही न्यायची. काम झालं की कल्हई करून परत आणायची, आणि रिकामं आणायचं नाही, असा दंडक. हे घर इथल्या मराठी मंडळाच्या ताब्यात गेलं, दारावर संग्रहालयाची पाटी लागली, तरी अक्कांनी त्यात तसूभर बदल केला नव्हता. देशात असं दुसरं संग्रहालय असलं तर मला कळवा, मी बघायला येईन.

मंडळाच्या सेक्रेटरींनी मात्र कपाळाला हात लावला होता. ते बँकेतून निवृत्त झालेले, अण्णा नगरला राहायचे, पांढरा शर्ट आणि कपाळाला बारीकसं गंध. माणूस सज्जन. मी पुस्तिका लिहिते म्हटल्यावर त्यांनी मला लगेच कामाला जुंपलं, प्रत्येक तपेल्यापुढे ठेवायच्या मराठी चिठ्ठ्या लिहायला. मी लिहायची आणि अक्कांना वाचून दाखवायची, कारण देवनागरी त्यांना अडखळत यायची. "एकोणिसाव्या शतकातील पितळी पात्र" असं मी वाचलं की त्या म्हणायच्या, "सरि. आणि सांबाराचें कीं भाताचें, तें कोण लिहील?" मग मी ते लिहायची.

सेक्रेटरी दर रविवारी सांगायचे, "अक्का, आतां बाहेर देणें बंद करा. हें म्युझियम आहे." अक्का म्हणायच्या, "सरि, सरि." तमिळमध्ये याचा अर्थ बरं, ठीक आहे. अक्कांच्या तोंडी त्याचा अर्थ, तुमचं बोलून झालं असेल तर कॉफी घ्या. सोमवारी मागच्या दारानं गोणपाटात गुंडाळलेलं तपेलं ऑटोत चढायचं.

सेक्रेटरींची काळजी उगाच नव्हती. घराची मालकी अक्कांच्या नवऱ्याच्या पुतण्यांकडे होती, आणि ते सगळे अमेरिकेत. गल्लीतली जुनी घरं एकेक करून पाडली जात होती, तिथं फ्लॅट उठत होते. बिल्डर दोनदा येऊन गेला होता. पुतण्यांनी सरळ सांगितलं होतं, सरकारी खात्याची मान्यता मिळालेलं संग्रहालय होत असेल तर घर मंडळाकडे राहू द्या. नाहीतर आम्ही विकतो. म्हणजे मान्यता मिळाली तर घर, फळ्या, अक्कांच्या दोन खोल्या, सगळं राहणार. नाहीतर सगळं जाणार. अक्कांना हे ठाऊक होतं. त्या बोलायच्या नाहीत, पण बिल्डरचा माणूस येऊन गेला की त्या दिवशी चौक दोनदा धुतला जायचा.

शेवटी खात्याकडून तपासणीची तारीख आली. ती नेमकी आवणी महिन्यातली, इथला भर लग्नाचा हंगाम. सेक्रेटरींनी आठ दिवस आधीपासून जपून राहायला सांगितलं होतं. त्या सकाळी मी पोचले तर ते चौकात उभे, चेहरा पांढराफटक. फळ्यांवरची सगळ्यांत मोठी तपेली गायब. पुढे फक्त माझ्या चिठ्ठ्या.

"मुहूर्त त्यांनीं ठरविला, तारीख खात्यानें," अक्का म्हणाल्या. "मी मधें काय करूं?"

खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा राग आला. स्वतःचं घर पणाला लागलंय आणि ही बाई शांतपणे केस विंचरतेय.

अधिकारी बाई वेळेवर आल्या. चाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या, हातात फाईल. एकेक चिठ्ठी, एकेक तपेलं बघत त्या पहिल्या रिकाम्या वर्तुळापाशी थांबल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "हे कुठे आहे?"

"मांबलमला. लग्नाला," अक्कांनीही तमिळमध्ये उत्तर दिलं.

"आणि हे?"

"तेही. एकाच लग्नाला."

"आणि ते मोठं?"

"ते मुंजीला गेलंय. संध्याकाळपर्यंत येईल, थांबत असाल तर."

सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. बाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते फाईलमागे ठेवलं. मग त्या ओट्यावर येऊन बसल्या, अक्कांची कॉफी प्यायल्या, आणि कॉफीची वाटी, दबरा, खाली ठेवून म्हणाल्या, "अम्मा, हे घर मला फार आवडलं. पण वस्तू जागेवर नसेल तर मी काय लिहू? मी दोन महिन्यांनी पुन्हा येते. तेव्हा सगळं काचेत आणि कुलपात हवं. आणि नंतरही कधी बाहेर द्यायचं नाही, वापरायचं नाही. लग्न असो नाहीतर काही असो."

सेक्रेटरी घाईघाईनं हो, हो म्हणाले. बाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. "हे मला यांनी सांगून चालणार नाही. तुम्ही सांगा."

अक्का बराच वेळ चौकातल्या उन्हाकडे बघत राहिल्या. एरवी एवढ्या वेळात त्यांनी दोघातिघांना गप्प केलं असतं. मग त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सरि."

सेक्रेटरींना वाटलं, नेहमीचंच. त्यांनी माझ्याकडे हताशपणे पाहिलं. पण मला त्या सुरातलं वेगळेपण कळलं होतं. बाई गेल्यावर मी विचारलं, खरंच बंद करणार का?

"घर राहिलें तर तपेलें राहील. घर गेलें तर नांव घातलेलें पितळ मोडींत जाईल. भाव करायला दोघे आतांच येऊन गेले," त्या म्हणाल्या. "शब्द दिला. आतां त्यांत काय बोलायचें?"

काचेची कपाटं आली. मुंजीला, लग्नाला गेलेली तपेली परत येऊन बसली. अक्कांनी स्वतःच्या हातानं कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तुळजाबाई आल्या. त्या दिवशी मी तिथं होते म्हणून सांगू शकते, ऐकीव गोष्ट नाही. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. जावई तमिळ, मुलीच्याच ऑफिसातला. मंडप त्यांच्याकडच्यांनी ठरवलेला, जेवण केटररचं, भटजीही त्यांचेच. तुळजाबाई हे सगळं हसत हसत सांगत होत्या, मुलगा फार गुणी आहे म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरचें म्हणून मंडपांत एवढेंच असेल, अक्का. आमचें तपेलें द्या. पायसम् त्यांत करवितें."

"नाहीं देतां येत."

तुळजाबाईंना वाटलं, अक्का चेष्टा करताहेत. त्या थोडं हसल्या. मग त्यांनी काच पाहिली, कुलूप पाहिलं.

"माझ्या पणज्याचें आहे तें," त्या हळूच म्हणाल्या.

"ठाऊक आहे. तुला दिलें तर पुढच्यास नाहीं कसें म्हणूं? शब्द दिला आहे मी."

तुळजाबाईंनी काचेवर हात ठेवला. आतलं डुलणारं तपेलं हलण्याचा प्रश्नच नव्हता. मग त्या उठल्या आणि चपला घालून निघून गेल्या. कॉफी न घेता. त्या घरातून कॉफी न घेता कोणी गेलेलं मी तरी तोवर पाहिलं नव्हतं. अक्का संध्याकाळपर्यंत त्याच जागी बसून होत्या. मी दिवा लावला तेव्हा म्हणाल्या, "तुळजाबाईच्या स्वतःच्या लग्नास तें मीच ऑटोंत चढविलें होतें." लग्नाची पत्रिका आली, पण त्या गेल्या नाहीत. कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणाल्या. मला खूप वाईट वाटलं, दोघींसाठीही.

लग्नानंतरच्या रविवारी तुळजाबाई पुन्हा दारात. हातात पिशवी. आत न येता उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "दिलें नाहींत तें तुमचें तुमच्यापाशीं. पण घरांत लग्न होऊन गेलें आणि आमचें तपेलें रिकामें राहिलें. मला झोंप येईना."

अक्कांनी कुलूप काढलं. तुळजाबाईंनी पसाभर तांदूळ आणि गुळाचा खडा तपेल्यात ठेवला. अक्कांनी पुन्हा कुलूप लावलं आणि माझ्याकडे वळून, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाल्या, "हा वापर नव्हे. हें नुसतें ठेवणें." त्या दिवशी तिघींनी कॉफी घेतली, दोन-दोनदा.

ही बातमी कशी पसरली कोण जाणे. बिऱ्हाडांमधून एकेक जण येऊ लागला. कुणाची मुंज झाली, कुणाला नातू झाला, कुणाचा मुलगा ओरगडमच्या कारखान्यात लागला. तपेलं न्यायचं नाही, नुसता गूळ ठेवून जायचं. परिणाम व्हायचा तोच झाला. कपाटांना मुंग्या लागल्या. सेक्रेटरींनी चक्रावून जाऊन मुंग्या मारणारा माणूस बोलावला. त्यानं कपाट उघडायला लावलं, आणि तपेल्यातपेल्यांतून गुळाचे खडे निघाले. सेक्रेटरी अक्कांकडे वळले, बोलण्यासाठी तोंड उघडलं.

"तीन मिनिटें झालीं," अक्का म्हणाल्या.

अधिकारी बाई दुसऱ्यांदा आल्या, सगळं जागेवर होतं. मान्यतेचं पत्र आलं. पुतण्यांनी विकण्याचा विषय सोडला. शेजारचं घर पडलं, समोरचं पडलं, हे उभं राहिलं. शाळेची मुलं रांगेनं येऊ लागली. पितळ मात्र काचेआड हिरवट होऊ लागलं, वापर नाही म्हणून कल्हई नाही. अक्का रोज सकाळी काच पुसायच्या, बाहेरून.

मी चेन्नईत होते त्या शेवटच्या वर्षी, मार्गळी महिन्याच्या थंडीत, एका सकाळी अक्का दारापुढे कोलमची रांगोळी काढायला आल्या नाहीत. समोर फुलं विकणाऱ्या बाईच्या ते लक्षात आलं. मला ऑफिसात फोन आला. मी दोन बस बदलून पोचले तेव्हा चौक माणसांनी भरला होता. अक्कांना ओसरीवर ठेवलं होतं. चेहरा नेहमीचाच होता, आता काहीतरी विचारतील असा. मी तिथं रडले, लोकांसमोर, मोठ्यानं.

शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवायचं होतं. अक्कांच्या स्वयंपाकघरात एका माणसापुरती चार स्टीलची भांडी आणि एक प्लास्टिकची बादली. कोणीतरी म्हणालं, मोठं भांडं हवं. आणि सगळ्यांच्या माना कपाटांकडे वळल्या.

बायकांनी अक्कांच्या कनवटीची किल्ली काढून सेक्रेटरींकडे दिली होती. ते कपाटापाशी गेले.

"उघडतों," ते म्हणाले. "आज मला कोण विचारणार आहे? खात्याला मी लिहून देईन."

त्यांनी किल्ली कुलपात घातली. तेवढ्यात तुळजाबाई पुढे आल्या.

"राहूं द्या."

"कां?"

"मला नाहीं म्हणाली ती. माझ्या पोरीच्या लग्नास नाहीं म्हणाली, आणि लग्नाला यायचें तोंड उरलें नाहीं म्हणून घरीं बसली. आज तिच्यासाठीं उघडलेंत तर तें सगळें फुकट गेलें."

तुळजाबाईंनी जावयाला हाक मारली आणि तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. तो मोटरसायकलवर सैदापेटला गेला आणि एक मोठं स्टीलचं पातेलं घेऊन आला. त्याच्या लग्नातलं, कडेवर तमिळमध्ये त्याच्या बायकोचं नाव. असं पाणी तापवलेलं पातेलं पुन्हा घरात घ्यायचं नसतं. तुळजाबाईंना ते माहीत होतं, जावयालाही सांगितलेलं दिसत होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी चुलीवर ठेवलं.

सेक्रेटरींनी कुलपातून किल्ली काढली. ती आता कोणाकडे द्यायची ते त्यांना कळेना. मग त्यांनी ती तुळजाबाईंपुढे धरली. तुळजाबाईंनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि पातेल्यात पाणी ओतायला वाकल्या.